दारं लावून घ्यायचा दिवस

“विचारलंत तर सांगेन,” असं म्हणून त्या चष्मा काढायच्या आणि पदराच्या टोकानं काचा पुसायला लागायच्या. काचा पुसून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. पुण्यात दुसऱ्याचं ऐकून घेण्यापेक्षा आपला अंदाज सांगण्याची घाई जास्त, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना फारसं काही सांगावं लागलंच नाही.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. कंपनी म्हणजे तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या इमारतीचा एक मजला आणि अमेरिकेच्या घड्याळावर चालणारे आमचे साहेब. आम्ही सगळे पंचविशीतले. त्या चाळिशी ओलांडलेल्या, पिंपरीच्या एका कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटर विभागातून आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्या हातात गेला की तो गडगडलाच म्हणून समजा. “चुका सगळ्यांच्या होतात, तुमच्या जरा जास्त होतात,” एवढंच म्हणून त्या तो परत करायच्या.

तुम्ही तिथे असतात, तर तुम्हीही अंदाज बांधले असतेत. मॅडम पार्टीत मटण आवडीनं खायच्या, पण मग त्याच पानात दही नाही, मठ्ठा नाही, शेवटी बासुंदीला तर हातसुद्धा लावायच्या नाहीत. कोळंबी आली की ताट बाजूला. आमच्यातल्या एकानं आयुर्वेदातला विरुद्ध आहार काढला. दुसऱ्यानं डब्यातला नारळाच्या दुधातला रस्सा पाहून जात ठरवून टाकली. माहेरचं आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. “मॅडम, तुमचं कुलदैवत कुठलं हो?” मी एकदा विचारलं. “मूळ गाव अलिबागजवळ आहे आमचं,” त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. कुलदैवताचं उत्तर मिळालं नाही हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

शुक्रवारी मात्र त्या दिवेलागणीच्या आत निघायच्या. काम कितीही अडो. साहेब कुरकुरायचे, पण सोमवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी हजर असायच्या, त्यामुळे बोलता येत नसे. एकदा अमेरिकेहून आलेला एक क्लायंट शुक्रवारी दुपारी घड्याळाकडे बघत चुळबुळायला लागला. मॅडमनी मीटिंग आवरती घेतली, त्याला लिफ्टपर्यंत सोडलं आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. तो चमकून वळला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि लिफ्ट निघून गेली तरी तिथेच उभा राहिला. मी मागेच होते. “काय म्हणालात त्याला?” “नमस्कार म्हटलं. त्यांच्या भाषेत.” इंग्रजीत नमस्काराला इतकं गहिवरण्यासारखं काय असतं, ते मला काही कळेना.

पुढे मी वारज्याला फ्लॅट घेतला तो त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच सोसायटीत. तिथे त्यांच्या घरची माणसं कळली. यजमान सरकारी खात्यातले, अबोल. आणि सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्या सोसायटीच्या आजी. आजी नऊवारीतल्या, सोवळ्याओवळ्याच्या. जिभेला धार अशी की भाजीवालाही त्यांच्या दारात आवाज खाली घ्यायचा. सासू-सुनेत भांडण कधी ऐकलं नाही. गप्पाही फारशा ऐकल्या नाहीत.

मॅडम वर्षातून एक दिवस रजा घ्यायच्या. कधी गणपतीत, कधी दसऱ्याच्या आसपास. कारण लिहायच्या ‘घरगुती’. त्या दिवशी त्या पहाटे बाहेर पडायच्या आणि अंधार पडल्यावर परत यायच्या, असं वॉचमन सांगायचा.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी त्या बाहेर पडल्या नाहीत. मी तापानं घरी होते. सकाळीच वॉचमन वर आला आणि म्हणाला, “ताई, मॅडमकडं पाच बायका आल्यात. सगळ्या पांढऱ्या साडीत. दार बंद हाय, बेल वाजवली तर कोन उघडंना.”

ऐन नवरात्रात पांढऱ्या साड्या. याचा दुसरा काय अर्थ होणार? समोरच्या जोशीकाकांनी तो तत्काळ लावला. “आजी गेल्या,” ते म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आपली रीत. जोशीकाकूंचा स्वतःचा उपवास होता, तरी त्यांनी पिठलं टाकलं. मीही तापात भात लावला. थोड्या वेळानं आम्ही चार-पाचजण चेहरे पाडून, झाकलेली पातेली घेऊन मॅडमच्या दारात उभे होतो.

बेल वाजवली. कडी वाजवली. शेवटी जोशीकाका दारावर थापा मारायला लागले.

दार उघडलं ते आजींनी.

जोशीकाका दोन पावलं मागे सरले. “कोणाकडे काम आहे?” आजींनी विचारलं, म्हणजे त्या जिवंत होत्या यात शंका उरली नाही. त्यांच्यामागे हॉलमध्ये दिवसा पडदे ओढलेले, सतरंजीवर सहा बायका बसलेल्या, मॅडम त्यांच्यात. सगळ्या पांढऱ्या साडीत, अनवाणी, ओठ सुकलेले. मधे एक जाडजूड पुस्तक उघडं.

“कोण गेलं?” काकांनी थेट मॅडमनाच विचारलं.

मॅडम उठून दाराशी आल्या. “कोणी नाही.”

“मग हे पांढरं काय? दार का लावलंय? आहे तरी काय हे, वहिनी?”

अखेर कोणीतरी नीट विचारलं होतं. मॅडमचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी आजींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

का, ते मला त्यांनी नंतर सांगितलं. तुम्हाला आताच सांगते, म्हणजे त्या दारात काय पणाला लागलं होतं ते कळेल. मॅडम ज्यू होत्या, बेने इस्राएल. कित्येक शतकांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेली, मराठीच बोलणारी माणसं. मटणाबरोबर दूध नाही, कोळंबी नाही, हे त्यांच्या धर्माचे नियम, आणि लिफ्टपाशी गहिवरलेला तो क्लायंटही ज्यूच. मॅडमनी प्रेमविवाह केला तेव्हा माहेर तुटलं. सासरी आजींनी एका अटीवर घरात घेतलं: धर्म सोडू नकोस हवं तर, पण बाहेर कळता कामा नये. दोन नणंदांची लग्नं व्हायची होती. मॅडमनी शब्द दिला. शुक्रवारी मावळतीला त्यांचा शब्बाथ, देवासाठी राखलेला दिवस, सुरू व्हायचा, त्याचा दिवा त्या स्वयंपाकघरात कपाटाच्या आड लावायच्या. पुण्यात अशा आणखी पाचजणी होत्या, वेगवेगळ्या घरांत सुना होऊन मिसळून गेलेल्या. सिनॅगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, गेलं तर कोणी ओळखेल, म्हणून त्या वर्षातून एकदा रास्ता पेठेत त्यांच्यातल्याच एकीच्या खोलीत जमायच्या. ती इमारत त्या वर्षी बिल्डरनं पाडली होती. तो दिवस म्हणजे त्यांचा दारफळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि वर्षभरात बोललेल्या खोट्याची देवाजवळ माफी मागायची.

आणि नेमक्या त्या दिवशी जोशीकाका उत्तर मागत होते. खरं सांगावं तर सासूला दिलेला शब्द मोडतो. खोटं बोलावं तर आजच्या दिवशी? मागे पाचजणी जिवाचा कान करून बसल्या होत्या. त्यांचंही झाकलेलं उघडं पडणार होतं.

“तिला काय विचारता? मला विचारा,” आजी म्हणाल्या. “ज्यू आहे माझी सून. आज तिचा मोठा सण आहे, कडक उपास असतो. चांदण्या दिसल्या की सुटेल.”

 पिठल्याचा वास जिन्यात भरून राहिला होता.

“मग आधी सांगायचं नाही का?” जोशीकाका शेवटी म्हणाले. “आम्ही उगीच रडायच्या तयारीनं आलो.”

“विचारलंत कधी? आणि पिठलं परत कशाला नेता? ठेवा इथे. संध्याकाळी लागेल सगळ्यांना.” मग सुनेकडे वळून, आवाज जरा उतरवून त्या म्हणाल्या, “पोरींची लग्नं होऊन त्यांना सुना यायच्या झाल्या गं. तुला शब्दातून मोकळं करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.”

 दाराला टेकून मॅडम इतकं रडल्या की आतून दोघीजणी धावत आल्या. संध्याकाळी आजी गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या. हायवेच्या दिव्यांत चांदण्या दिसेनात, तेव्हा त्यांनी वॉचमनलाही वर बोलावलं.

त्यानंतर मी मॅडमना काय काय विचारलं म्हणून सांगू! शुक्रवारचा दिवा आता हॉलमध्ये लागायचा. मी बघायला जायचे. त्यांच्याकडे उत्तरांचा साठाच होता, कधीचा पडून राहिलेला. त्या हसऱ्या झाल्या, थोड्या बडबड्यासुद्धा. फार वर्षं मिळाली नाहीत हे. आजार निघाला, तो पसरलेलाच निघाला.

दहन की दफन, यावर नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, ती आजींनी एका वाक्यात बंद केली. “तिच्या आईबापांना ठेवलंय तिथेच.” आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत. आजी गेल्या. त्यांच्यासोबत सोसायटीतल्या आम्ही सगळ्या गेलो.

कबरीपाशी त्यांच्या समाजातले एक वृद्ध गृहस्थ पुस्तक उघडून उभे होते. “प्रार्थनेत नाव घ्यावं लागतं,” ते म्हणाले. “जन्माचं नाव, आणि वडिलांचं. कोणाला माहीत आहे?”

त्या पाचजणींनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नानंतर भेटलेल्या त्या सगळ्या, एकमेकींना सासरच्या नावानंच ओळखत होत्या. यजमानांना हुंदक्यांनी बोलता येईना. लग्नात मॅडमचं नाव बदललं होतं, ते आजींनी. ज्या दिवशी बदललं त्या दिवसापासून जुनं नाव त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मीही इतकं सगळं विचारलं होतं, पण जन्माचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

“मिर्यम,” आजी म्हणाल्या. “वडील शमूएल.”

गृहस्थांनी ते नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या पाचजणींच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.