बाहेरचं

माझ्या चुलत्यांना मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा श्रीरामपूरला कॉलेजात होता. झोपेना, जेवेना. पंखा लावला की त्यातून कुणीतरी आपल्याला शिव्या देतं म्हणायचा. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. चुलते ओट्यावरून गरजले, "भावाला येडं ठरवती व्हय? बाहेरचं हाय त्ये!" झालं. बाहेरचं म्हणजे भूतबाधा, आणि भूतबाधेला देवऋषी. तोंडावर मिरचीची धुरी, पाठीवर चाबूक. पोरगं ओरडायचं, तर हे म्हणायचे, "त्यो न्हाई, आतलं वरडतंय." माझे वडील थोरल्या भावापुढं ब्र काढत नसत.

शेवटी शिर्डीला दर्शनाला जातो अशी थाप मारून आईनं आणि मी त्याला नगरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. "सुरुवातीलाच आणायला हवं होतं," त्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. गोळ्यांनी भाऊ सावरला, आता केडगावला मोबाईलच्या दुकानात काम करतो. पण कॉलेज सुटलं ते सुटलंच.

यंदा चुलते माझ्या दारात उभे. बाहेर गाडीत त्यांची लेक बसलेली, कॉलेजातली. कानांवर हात दाबून पुटपुटत होती.

"त्या डॉक्टरांचा पत्ता दे, बाई. कुनाला बोलू नको."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

"डॉक्टर कशाला? बाहेरचं असेल. न्या की देवऋष्याकडं."

"लई मारत्यात तिथं. तिला सोसायचं न्हाई."

"आणि माझ्या भावाला सोसत होतं?"

पत्ता मला तोंडपाठ होता. तरी म्हटलं, "माझा भाऊ सांगेल. त्याच्यापुढं उभे राहा आणि त्यालाच विचारा." आणि बघायला मीही गाडीत बसले.

दुकानात गिऱ्हाईकं होती. चुलते चाचरत, सगळ्यांदेखत बोलले. "माझ्या लेकीला आवाज ऐकू येत्यात रं."

भावानं हातातला मोबाईल खाली ठेवला. "तिला मारलं का कुणी?"

"न्हाई. मी कुनाला हात लावू दिला न्हाई."

"बरं केलंत," तो म्हणाला आणि डॉक्टरांना फोन लावला.

चुलते तिथंच हमसून हमसून रडायला लागले. फोन ठेवून भाऊ त्यांना पाणी द्यायला तांब्या घेऊन उठला. मी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि गाडीतल्या पोरीला नेऊन दिला.