दाश्याच्या दंडावरचा दोरा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक होतं; ती गेली, ते अर्धंही गेलं. तुम्ही जवळचे म्हणून सांगतो — नाही, तेही खरं नाही. आता पोटात मावत नाही म्हणून सांगतो.

मी नगरकडचा. नवापूरच्या जंगलपट्टीत मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. मिशनचे पाद्री साहेब दौऱ्यावर असले की रविवारचा उपदेशही माझ्याकडे असे. नम्रता हा माझा हातखंडा विषय. देवावर भिस्त ठेवा, गुडघे टेका, भगताच्या दारात पाऊल टाकू नका — हे मी असं रंगवायचो की बायका पदरानं डोळे पुसायच्या. मी स्वतः कधी कुणापुढे वाकलो होतो का? आठवत नाही.

दाश्या मिशनच्या देवळाची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा. मावची भिल्ल, नुकताच बाप्तिस्मा झालेला. घरी त्याची बोली वेगळी. आमच्याशी तो बाजारातली अहिराणी बोलायचा. त्याला प्रार्थना जमत नसे. "देवबाप, तू शे ना," एवढंच म्हणून डोळे मिटून बसायचा. मी त्याची नक्कल करून वर्गाला हसवायचो. चांगली जमायची मला ती नक्कल.

आमची शांता चार वर्षांची होती तेव्हा तिला ताप भरला. तीन दिवस मी प्रार्थना केली. चौथ्या दिवशी भर दुपारी — साहेब गावात नव्हते — दाश्याला मीच भगताकडे धाडलं. होय, मीच. त्यानं एकदाच विचारलं, "मास्तर, देवबापले चाली का?" मी खेकसलो, तुला काय करायचंय म्हणून. भगत आला, सुपात दाणे टाकून पाहिले आणि पोरीच्या दंडाला काळ्या दोऱ्याचे चार वेढे देऊन गेला. दोऱ्यात एक फुटकी कवडी होती. दोन दिवसांनी ताप उतरला. साहेब परतण्याआधी मी दोरा कापला, दाश्याच्या हातात कोंबला आणि जाळून टाक म्हणालो.

रविवारी मी साक्ष दिली. आमच्यात ती रीत आहे, देवानं केलेले उपकार मंडळीसमोर उभं राहून सांगायचे. औषध नाही, भगत नाही, नुसती प्रार्थना — असं मी सांगितलं. भगताचं नाव घ्यायची काही गरज होती का? पण घेतलं. सगळे "आमेन" म्हणाले. मागे उभा असलेला दाश्याही म्हणाला.

पुढच्याच महिन्यात त्यानं घंटेचा दोर ओढायला हात वर केला, बाही घसरली आणि दंडावर काळा दोरा दिसला. साहेब पायरीवरच होते. ती फुटकी कवडी मी लगेच ओळखली. त्यानं दोरा जाळला नव्हता. त्यांच्यात म्हणतात, असा दोरा जाळला की ताप पोरावर उलटतो. आपसूक झिजून तुटेपर्यंत तो कुणीतरी अंगावर बाळगायचा असतो. माझ्या पोरीसाठी तो बाळगत होता.

दोरा कुणाचा, साहेबांनी विचारलं. दाश्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मन्हा शे," तो म्हणाला.

साहेब त्याला समज देऊन सोडणार होते. मी अडवलं. अशानं मंडळी बिघडते, मी म्हणालो, याच्यावर कडक शिस्त हवी. साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं. मी सगळ्यांदेखत तो दोरा पुन्हा कापला — त्याच कात्रीनं. त्याचं प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं, घंटाही काढून घेतली. आणि नम्रता येईपर्यंत दर रविवारी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, उपासना संपेपर्यंत गुडघ्यांवर राहायचं, असं ठरवून दिलं. ती आली की नाही ते ठरवणारा मी.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. तो एक रविवार चुकला नाही. मी उपदेशात त्याच्याकडे बोट दाखवायचो, देवाला सोडून दोऱ्याला धरणारा माणूस म्हणून. तुम्ही म्हणाल, मी घाबरलो होतो. घाबरलो असतो तर बरं झालं असतं. तो कधीच बोलणार नाही याची मला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीचीच मला चीड यायची. आणि — हे सांगायलाच एवढा वेळ लागला — त्याला तिथं गुडघ्यांवर पाहून मला बरं वाटायचं. जेवण गोड लागायचं.

उन्हाळ्यात तो तापानं पडला. बायकोला पाठवून त्यानं विचारलं, शेवटचं प्रभुभोजन मिळेल का. साहेब बंगल्यावरच होते. त्यांच्या कानावर घालायला हवं होतं. मी घातलं नाही. तिला दारातूनच परत पाठवलं. अजून नम्रता आलेली नाही, म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो गेला. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, पळसाखाली, त्याला पुरलं. जागा मीच दाखवली.

शांता आता दवाखान्यात नर्स आहे. वाढदिवसाच्या रविवारी ती साक्ष देते — लहानपणी बाबांच्या नुसत्या प्रार्थनेनं मी वाचले. परवाही दिली. मी पहिल्या बाकावर होतो. माझ्याकडे पाहून हसली.

मी "आमेन" म्हणालो. सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं.