इव्हरच्या मयताचं गाणं

युटातल्या सॅनपीट खोऱ्यात कुणी गेलं की मयताचं गाणं रचायचं काम थर्झाबाईचं. शेजारचा म्हातारा इव्हर तापाने आता जातोच असं दिसलं, तेव्हा तिने घाईघाईने चार कडवी रचून चर्चच्या गायकांना देऊनही टाकली. पाटाच्या पाण्यावरून तिच्याशी जन्मभर भांडलेल्या या माणसाबद्दल तिने लिहिलं, 'आपली पाळी सोडून त्याने दुसऱ्यांची शेतं भिजवली.' गेलेल्याबद्दल वाईट कसं लिहायचं?

पण चर्चच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या डोक्याला तेल लावून प्रार्थना केली, आणि इव्हर चक्क उठून बसला.

उपासाच्या रविवारी चर्चमध्ये जो तो उभा राहून देवाचे आभार मानतो. इव्हरही काठी टेकत उठला. "माझं गाणं तयार आहे म्हणे. म्हणा की! मेल्यावर मला काय ऐकू येणार?"

थर्झाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गायकांनी गाणं धरलं, खालचा सूर इव्हरनेच लावला. पाण्याच्या कडव्याला त्याने थर्झाकडे वळून पाहिलं, पण तेही शेवटपर्यंत गायलं.

दाराशी त्याने तिला गाठलं. "सिस्टर, खोटं लिहिलंस."

"हो, ब्रदर."

"आणि मी ते देवासमोर गाऊन बसलो! उद्या माझ्या पाळीचं पाणी तुझ्या बटाट्यांना घे. कडवं राहू दे तसंच."