एकशे सात कोटी सदतीस लाख बाइट

मंगळवार, ८ एप्रिल. सर्व्हरची डिस्क भरली होती. सगळ्यात मोठ्या फायलींची यादी करायची होती.

नवापूरच्या एका कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर. बारा वर्षं झाली, जुने दाखले स्कॅन करते. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी लिनक्सची कमांड चिठ्ठीवर दिली: ls -l. पडद्यावर फायलींचे आकार आले, बाइटमध्ये. लांबच लांब आकडे, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. मी पेन्सिलीने उजवीकडून अंक तोडले. हजार, लाख, कोटी. शाळेत तसंच शिकवलंय. पहिल्या फायलीपुढे लिहिलं: १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४.

साहेबांनी कागद उचलला. "मावशी, मोठ्यानं वाचा."

वाचलं. कचेरी हसली. शहाद्याकडचा शिपाई ओरडला, "ताई, एक कोटी आमले बी दी टाका!"

"डोंगरातून आणून थेट कॉम्प्युटरवर बसवलं की असं होतं," साहेब म्हणाले. "उद्यापासून यांना गठ्ठे उचलायला ठेवा."

आमच्या मोठ्या साहेबांनी मान हलवली. म्हणजे खुर्ची गेली.

आकडा बरोबर होता. चुकला असं कुणी म्हणालंही नाही.

मला उठवून इंजिनिअर साहेबांनी तीच कमांड दिली. शेवटी एक h जास्त. 1.0G, 340M, 12K. कुणालाही कळेल असं.

"हे सकाळी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तो h म्हणजे ह्यूमन, माणसांसाठी असतो, मावशी. माणसांना वाचता यावं म्हणून." पुन्हा हशा. "जा, चहा सांगून या."

"चहा मी सांगणार नाही."

हशा थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही.

घरी रडले नाही. भाकरी थापताना एवढंच कळलं, की बारा वर्षं प्रत्येक साहेबाच्या असल्या विनोदावर मीही थोडी हसत आले. माझी चूक ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. man ls, म्हणजे त्या कमांडची माहिती, उघडून ओळ न् ओळ वाचली. S लावला की मोठी फाईल आधी येते, हेही सापडलं. ls -lhS ची यादी छापली, खाली सही केली. सोबत अर्ज: गठ्ठे उचलणार नाही, काढायचं तर लेखी काढा, कारण लिहा. दोन्ही मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. कचेरीतल्या नव्या दोन ऑपरेटर पोरी आल्या, तसं त्यांना बोलावून कमांडचं प्रत्येक अक्षर त्यांच्याच हातांनी टाइप करून घेतलं.

मग खुर्चीत बसले. इंजिनिअर साहेब आले. म्हणाले, "उठा."

उठले नाही.