ढोलकाचे सुटे बोल

मी संशयी माणूस आहे. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघतो, एसटीत कंडक्टरने दिलेलं तिकीट दोनदा वाचतो. लग्न झाल्यावर पंधरा दिवसांतच बायको म्हणाली होती, "तुमचा तुमच्या सावलीवर तरी भरवसा हाय का?" त्यामुळे आमच्या गाण्याच्या पार्टीतला कीबोर्डवाला माईक आणि लॅपटॉप घेऊन माझ्या नांदेडच्या घरी आला, तेव्हा चहा टाकायच्या आधीच मला वास आला होता.

आमची पार्टी म्हणजे जयंतीला भीमगीतं आणि लग्नसराईत लोक सांगतील ते. बावीस वर्षं मी तिच्यात ढोलक वाजवत होतो. कीबोर्डवाला लातूरचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला मामा म्हणणारा. त्याने नवा कीबोर्ड घेतला होता. डाव्या हाताने सूर दाबला की मागचा ठेका, गिटार, सगळं आपोआप वाजत राहायचं.

"ह्याच्यातले ठेके लई परदेशी हायेत, मामा," तो म्हणाला. "तुमचे चार ठेके रेकॉर्ड करून द्या. तुम्ही नसताना सरावाला होतील."

तुम्ही नसताना. हे दोन शब्द मी बरोबर टिपले. आमच्याकडे पूर्वी एक तबलजी होता. पार्टीत ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा विजेचा ड्रम, आला तेव्हा त्याला कोणी काढलं नव्हतं, फक्त फोन यायचे बंद झाले. कीबोर्डच्या शेजारची जागा माझी होती आणि ती मला सोडायची नव्हती.

पण तोंडावर नाही म्हणवेना. माझ्या मुलीच्या लग्नात हा माणूस दिवसभर राबला होता. म्हणून मी डोकं चालवलं.

"ठेका न्हाई देणार," मी म्हणालो. "सुटे बोल देतो. ना, धा, गे, एकेक. चालतंय का?"

"हाव, चालतंय की."

इतक्या पटकन तो मान्य झाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी स्वतःच्याच हुशारीवर खूश होतो. सुट्या बोलांत काय असतं? पंखा बंद करून, दार लावून मी एकेक थाप दिली. आधी जोरात, मग मध्यम, मग हळू. डाव्या तळव्याने कातडं दाबत नेलं की आवाज घुमत वर चढतो, त्याला आम्ही घिस्सा म्हणतो. तोही त्याने चार वेळा वाजवून घेतला. तो गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "चिंध्या देऊन पाठवलं त्याला. आता शिव म्हणावं सदरा."

मग महिनाभर त्याचा काही पत्ताच नाही. तेही मला खटकलं. शेवटी एका नातेवाइकाला भेटायचं निमित्त काढून मी सकाळची लातूरची गाडी पकडली आणि न कळवता त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

तो कीबोर्ड लॅपटॉपला जोडून बसला होता. पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि एकेका चौकटीत माझा एकेक बोल. मला बघून तो दचकला नाही.

"बरं झालं आलात, मामा. ऐका," म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

केहरवा होता. आवाज माझ्याच ढोलकाचा, पण कोणी खाट ठोकतंय असं वाटत होतं. सगळे बोल मोजून चौकटीत बसवलेले, एकही मागेपुढे नाही. मला हायसं वाटलं, उघड सांगतो. असला ठेका माझी जागा काय घेणार?

पण दुसऱ्याच मिनिटाला दुसरी शंका आली. बिलोलीपासून देवणीपर्यंत लोक माझा हात ओळखतात. ते हे ऐकतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला.

"तो चौथा ना मागं घे," मी म्हणालो.

"किती?"

"जरासा. एवढा न्हाई. हां, आता ठेव."

त्याने माउसने तो ना केसभर सरकवला आणि ठेका चालायला लागला. मग मला राहवेना. घिस्सा समेच्या आधीच सुटला पाहिजे, दुसऱ्या फेऱ्यात गे हलका पाहिजे, मी सांगत गेलो आणि तो सरकवत गेला. अंतरा संपून गाणं मुखड्यावर येतं तिथला तुकडा तर तो भलतीकडेच टाकत होता. मी चिडलो. "गाणारी बाई श्वास घेती तवा बटण दाब, सम आल्यावर दाबून काय उपयोग?" माझ्याकडे ढोलक शिकणाऱ्या सख्ख्या पुतण्याला जे मी दहा वर्षांत सांगितलं नव्हतं, ते त्याला एका बैठकीत सांगून मोकळा झालो. त्याच्या बायकोने मुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला होता, तो तसाच निवला. माझी दुपारची गाडी चुकली. निघालो तेव्हा आठ ठेके तयार होते.

परतीच्या गाडीत अहमदपूर मागे पडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस आठ वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून वाजवतो. चौथा ना कुठे पडतो हे त्याला माहीत नव्हतं? का मला ऐकवणार नाही हे ओळखूनच त्याने तो चुकीचा बसवला होता? मी न सांगता गेलो होतो, म्हणजे तसं नसावं. पण मी येणारच, हेही त्याला ठाऊक असावं. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्या लग्नसराईत मला फोन आलेच नाहीत. विचारायचा माझा स्वभाव नाही. मग बिलोलीला एका ओळखीच्या माणसाच्या घरचं लग्न निघालं, तिथे पाहुणा म्हणून गेलो, तर मांडवात आमचीच पार्टी वाजवत होती.

दुपारची पंगत बसली होती. मी ताटावरून उठलो आणि स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहिलो. चूक काढायची होती, बाकी काही नाही. तीन गाणी कान देऊन ऐकली. घिस्सा समेच्या आधी सुटत होता. गाणाऱ्या बाईने श्वास घेतला की त्याचं बोट बटणावर जात होतं. स्टेजकडे पाठ करून जेवणारा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ढोलकवाला अजून तसाच वाजवतो बघा." मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

तेवढ्यात कीबोर्डवाल्याची नजर माझ्याकडे गेली. त्याने मला वर बोलावलं. शेजारच्या खुर्चीवर त्याची बॅग होती, ती खाली ठेवली आणि माझ्या हातात खुळखुळा दिला.

मानाने दिला की हिणवायला दिला, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी तो घेतला. पहिल्या फेऱ्यात रागाच्या भरात चुकलो, दुसऱ्यात जमलं. मग हात आपोआप त्या ठेक्यामागे जायला लागला आणि खरं सांगायचं तर मजा आली. दुसऱ्या कुणाच्या ढोलकाला साथ करताना मला कधी इतकी मजा आली नव्हती. माझी जागा घेणाऱ्या ठेक्यावरच ती आली, याचं इतकं वाईट वाटलं की पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत मी खाली उतरलो आणि मांडवाबाहेर चपला शोधायला लागलो.