सीधा हाथ

आमचे शेजारी नोकरीसाठी देवासला आले त्याला जमाना झाला, पण इथली बोली त्यांना अजून गावठी वाटते. रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते मोबाइलच्या नकाशात रस्त्यांच्या लेन, वळणं आणि नर्मदेतल्या होड्यांचे मार्ग भरतात. होडीत त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही. वर ऐकवतात, "आम्ही जगाला रस्ता दाखवतो."

बायपासच्या नव्या चौकातून आमच्या कॉलनीकडे कसं वळायचं, हेही त्यांनी तिथे न जाता फाटकातूनच एका रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सीधे हाथ पे, भिया." माळव्यात भिया म्हणजे भाऊ आणि सीधा हाथ म्हणजे उजवा, हे शेंबडं पोरही सांगेल. यांनी बाण सरळ टाकला. मी चूक दाखवली, तर म्हणाले, "तुम्हां लोकांना दिशाच कळत नाहीत."

परवा त्यांच्या मुलीला बघायला धारहून मंडळी निघाली आणि नकाशाचं ऐकून थेट मंडीत, सोयाबीनच्या ट्रॉल्यांमध्ये अडकली. हे फाटकात उभे राहून फोनवर ड्रायव्हरला ओरडत होते, "अरे भिया, वापस चौक पे आओ! वहाँ से सीधे हाथ पे! सीधे हाथ पे!"

मंडळी वैतागून तिथूनच परतली. नकाशातला बाण अजून सरळच आहे. हे म्हणतात, ड्रायव्हर अडाणी होता.