पांदणीवरचा भात

मित्रांनो, इतकी किळस आली आहे की लिहिल्याशिवाय जेवण पचणार नाही.

जिओमॅटिक्स शिकून मोजणीच्या कामाला लागलेली मी आज केशोरीजवळच्या आमच्याच गावात पांदण मोजायला गेली होती. पांदण म्हणजे शेताकडे जायचा सरकारी रस्ता. नकाशावर तिथून बैलगाडी जाते. जमिनीवर सायकलही जात नाही, कारण दोन्हीकडच्यांनी दरवर्षी थोडी थोडी नांगरून ती आपापल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात घेतली.

पांदणीच्या एका बाजूला आमच्या काकाजींचं शेत. त्यांनी चारचौघांत कौतुकानं विचारलं, "हे जिओमॅटिक्स म्हंजे का आहे व बाई?"

मीही हुरळली. म्हटलं, जमिनीची मोजणी, सॅटेलाइटचे फोटो, ड्रोन, जीपीएस, नकाशे, हे सगळं मिळून ते एक शास्त्र. पूर कुठवर येईल, जंगल किती उरलं, सगळं त्यातून कळते.

काकाजी जवळ सरकले. "मंग नकाशावर आपल्या शेताचा धुरा जरासा पुढं, पांदणीत दाखव ना. घरचीच पोरगी आहेस तू."

शी! मी उठून पांदणीपलीकडच्या शेतात गेली. तिथल्या भाऊंनी पाणी दिलं आणि हळूच तेच मागितलं.

तेवढ्यात धान कापायला हार्वेस्टर आला आणि पांदणीच्या तोंडाशीच अडकला. आता हेच दोघं खांद्याला खांदा लावून सरकारला शिव्या देऊन राहिले होते, "रस्ता काऊन नाही करून देत?"

दुपारी काकाजींच्या घरी काकूनं गरम भात वाढला. पांदण नांगरून घेतलेल्या त्याच बांधीतला, ते मला माहीत होतं.

तुमच्या गावची पांदण शाबूत आहे, की तुम्हीही तीच जेवून राहिले?